पुरून ठेवलेले सव्वीस पत्रे

नोकरीत शेकडो पंचनामे केले. बहुतेकांचे कागद लक्षात आहेत, माणसे नाहीत. एका पंचनाम्याचे मात्र उलटे आहे. त्यात काय लिहिले ते आता नीटसे सांगता येणार नाही, पण खड्ड्यावरच्या मातीत उभा राहून माझ्या शिपायांपुढे हात जोडणारा माणूस अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी सहायक पोलीस निरीक्षक होतो. फिर्यादी आणि ज्याच्यावर आळ आला तो, दोघेही हयात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच एक मोठा शेतकरी तावातावाने आत आला. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या जुन्या घराच्या मागच्या तीन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे होते. आपल्याकडे त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतात. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही नव्हते. अण्णांनी ते उतरवून रंगीत टिनाचे पत्रे बसवायचे काम तालुक्यातल्या एका मिस्त्रीला दिले होते. नवे छत झाले, आणि उतरलेले सव्वीस पत्रे अंगणातून गायब झाले.

"जुने पत्रेच ना?" मी विचारले.

"जुने म्हंजे काय, सायेब? लेकीच्या सासरी गोठ्यावर घालायचं ठरलं हुतं. पाव्हणं टेम्पो घेऊन आलं आन् रिकामा टेम्पो घेऊन गेलं! सोयऱ्यात माझं नाक कापलं त्यानं."

ही आपल्याकडची रीतच आहे. घरावरून उतरलेली वस्तू कोणी टाकत नाही. खिडकी, दार, पत्रा, जे निघेल ते लेकीकडे नाहीतर भावाकडे जाते. अण्णांचे दुःख पत्र्यांच्या किमतीचे नव्हते. दिलेला शब्द गेला होता.

मी चोरीची फिर्याद नोंदवून घेतली आणि मिस्त्रीला आणायला जीप पाठवली. नोटीस देऊनही काम झाले असते. पण जीप गेली, आणि भर सकाळी गावाने त्याला पोलिसांच्या गाडीत बसताना पाहिले. माझी पहिली चूक ही.

मिस्त्री पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. पत्रे नेले का, असे विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "नेले."

"कुठं आहेत?"

"ते सांगत न्हाय, साहेब."

"विकले?"

"न्हाय."

"मग?"

तो बाकावर जाऊन बसला. पोलिसाला खोटे बोलणारा माणूस चालतो. खोट्याचे टोक धरून पुढे जाता येते. गुन्हा कबूल करून माल न दाखवणारा माणूस आमच्या हिशेबात बसत नाही. त्यातच आमच्या हवालदाराने गावातून माहिती आणली. हवालदार वयाने माझ्याहून मोठे, माणसे ओळखण्यात पटाईत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, हा गडी साधा न्हाय. काम झालं की मालकाच्याच नळावर आंघोळ करतो. अंगावरची कापडं पिशवीत घालून तोंड गच्च बांधून घेऊन जातो. बायकोला हात लावू देत न्हाय, स्वतः धुतो. काम चालू असताना घरातल्या समद्यांना बाहेर काढतो. आता बोला!"

मला ते पटले. आंघोळ, बांधलेले कपडे, घर रिकामे करणे. हा पुरावा मिटवणारा माणूस आहे, या पत्र्यांच्या आडून घरफोड्या करत असेल, इथपर्यंत माझी बुद्धी धावली. दुपारी मी त्याला पुन्हा समोर घेतले. तो गप्पच. मी त्याच्या थोबाडीत मारली. स्टेशन डायरीत त्या वेळेपुढे 'विचारपूस केली' एवढेच शब्द आहेत. खरे काय घडले ते आज पहिल्यांदा लिहितो आहे. अटक दाखवली नव्हती, तरी संध्याकाळपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवले. त्याने गालावर हातसुद्धा नेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलावले. त्याच सकाळी खबर आली. शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने हवालदारांना सांगितले, की मिस्त्रीच्या पडीक तुकड्यात भल्या सकाळी खड्डा खणला होता, आणि प्लास्टिकात गुंडाळलेले काहीतरी लांबलचक मिस्त्रीने आणि त्याच्या हाताखालच्या गड्याने धरून त्यात ठेवले. "ठेवताना लेकरू ठेवावं तसं ठेवलं," असे म्हातारा म्हणाला. पत्रे राहिले बाजूला, हे प्रेत तर नव्हे, अशी मला भलतीच शंका आली.

दोन पंच, चार शिपाई, टिकाव, फावडी आणि मिस्त्री यांना घेऊन आम्ही त्या माळावर गेलो. अण्णांनाही बोलावले. ताजी माती दिसत होतीच. मी शिपायाला म्हणालो, "घाल टिकाव."

दोन दिवस मुका राहिलेला तो माणूस तेव्हा ओरडला. "थांबा! साहेब, मला मारा, पण टिकाव घालू नका!"

कोणी अडवायच्या आत तो खड्ड्यावरच्या मातीत उभा राहिला आणि शिपायांपुढे हात जोडले. "बाबांनो, लेकरंबाळं हायेत तुम्हाला. पत्रा फुटला की त्याची धूळ उडते. दिसत न्हाय, पण छातीत जाऊन बसते ती निघत न्हाय. साहेब, आधी पाणी आणा. लोकांना वारा जिकडून येतो त्या अंगाला उभं करा."

ज्या शिपायांनी आदल्या दिवशी त्याला दंडाला धरून ओढत आणले, त्यांच्यासाठी तो हे सांगत होता. मी टिकाव खाली ठेवायला लावला. पाणी येईपर्यंत त्याला विचारले, आणि या वेळी नीट विचारले.

तो ज्याच्या हाताखाली शिकला त्याला तो उस्ताद म्हणे. उस्ताद आयुष्यभर पत्रे कापत आला. आधी करवतीने, मग ग्राइंडर मशीनने. पांढऱ्या धुळीत पिठाच्या गिरणीवाल्यासारखा न्हाऊन घरी जायचा. पुढे त्याला दहा पावले चालता येईना. तो गेला. काही वर्षांनी त्याच्या बायकोलाही तोच दम लागला. ती कधी छपरावर चढलेली नव्हती. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा नवरा काय काम करायचा हे विचारले, आणि लगेच दुसरा प्रश्न केला, "त्यांचे कपडे कोण झटकायचं?"

"म्या तिथंच उभा हुतो, साहेब," मिस्त्री म्हणाला. "त्या दिवसापासून आमी काम बदललं."

काय बदलले तेही त्याने सांगितले. सकाळी वारा पडलेला असताना काम. फवारणीच्या पंपाने आधी पत्रे भिजवायचे. हातोडा नाही, मशीन नाही. गंजलेल्या हुकाचा नट एक एक करून सोडवायचा आणि पत्रा अखंड उतरवायचा. त्याला वेळ दुप्पट लागतो, म्हणून निम्मी कामे दुसऱ्याकडे जातात. तोंडाला रुमाल नाही, गाळणी असलेली मुखपट्टी. खाली पडलेला चुरा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून तेच फडके बांधून टाकायचे. मग आंघोळ, आणि कपडे पिशवीत. हवालदार आदल्या दिवशी माझ्यापुढे हीच यादी वाचून गेले होते. त्यांना ती गुन्हेगाराची वाटली. मलाही.

"मग अण्णांना सांगितलं का नाही?"

"तीनदा सांगितलं," तो अण्णांकडे पाहून म्हणाला. "अण्णा हसले. म्हणले, चाळीस वर्षं त्याच्याखाली झोपलो, मेलो का?"

अण्णा म्हणाले, "आरं पण मग विचारून न्यायचं!"

"विचारलं असतं तर दिलं असतं का, अण्णा? गोठ्याला पत्रे मापानं कापावे लागत्यात. तिकडं मशीन लावली असती. आन् रोज सकाळी खाली झाडायला कोण? तुमची लेकच ना?"



मी मिस्त्रीला विचारले, "दोन दिवस आम्हाला का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुमी मुद्देमाल म्हणून जप्त केले असते. कोर्टानं ते मालकाला परत दिले असते. कायदाच तसा हाय. चोर म्हणून घ्यायला म्या तयार हुतो. पण पत्रे त्या गोठ्यावर जाऊ द्यायचे न्हाय, हे ठरवलं हुतं."

छपरावरच्या कामाला लोक अनोळखी माणसाला घरात घेतात ते त्याच्या नावावर. चोरीचा बट्टा लागलेल्या मिस्त्रीला कोण घराची शिडी चढू देईल? हे सगळे तोलून तो बाकावर गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्याला मी मुजोरी समजलो होतो.

पाणी आले. त्याने स्वतः माती ओली करत हाताने बाजूला सारली. आत जाड प्लास्टिकात, दोरीने बांधलेले, एकावर एक सव्वीस पत्रे. एकाचाही कोपरा उडालेला नव्हता. पंचांनी वरूनच मोजले.

अण्णा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. मग विचारले, "ती उस्तादाची बायको म्हंजे... आमच्या गल्लीतली?"

"व्हय. तीच."

"आमी तर टीबी म्हणत हुतो. तिच्या हातचं पाणी पीत नव्हतो." अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळले. "सायेब, लिवा. मला पत्रे नकोत. पाव्हण्यांना टिनाचे घेऊन देतो."

जबाब झाला. लबाडीचा हेतू दिसत नाही, गैरसमजातून फिर्याद झाली, असे लिहून मी 'क' समरीचा, म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही म्हणून प्रकरण बंद करायचा, अहवाल कोर्टाला पाठवला. असा माल ठरवून दिलेल्या जागीच पोचवावा लागतो, रानात पुरणे हा खरा उपाय नव्हे, हे मिस्त्रीलाही ठाऊक होते. पण त्याने तालुक्यात चार कचेऱ्यांत विचारले होते आणि कोणी पत्ता सांगू शकले नव्हते. मी वरच्या कचेऱ्यांशी पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे महिन्याभराने जिल्ह्याबाहेरची जागा कळली आणि माल तिकडे रवाना झाला.

कागदावर तो सुटला. गावात सुटला नाही. हातची दोन कामे मोडली. मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो तर तो दारातच म्हणाला, "साहेब, गाडी घेऊन परत येऊ नका. लोक म्हणतील, पुन्हा न्यायला आले."

माफी मागणेसुद्धा मला नीट जमले नव्हते. चारचौघांत घालवलेले नाव खोलीत बसून परत देता येत नाही. मी त्याला म्हणालो, "मग तू ये. पोलीस लाइनीत माझ्या क्वार्टरवर तेच पत्रे आहेत. स्वयंपाकघरावरचा एक तडकलाय. बाजाराच्या दिवशी ये."

तो आला. पोलीस लाइन बाजाराच्या रस्त्याला लागूनच होती. शिडी हवालदारांनी धरली. ते काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले होते. मिस्त्रीने सगळे छत डोळ्यांखालून घातले. मला वाटले, आता सगळेच काढायला सांगेल. तो म्हणाला, "धड हायेत ते काढू नका. भोक पाडू नका, घासू नका, वरून रंगाचे दोन हात द्या. तेवढा फुटका काढतो."

मग त्याने माझ्या बायकोला शेजारी पाठवले, स्वयंपाकाची भांडी झाकायला लावली आणि मला म्हणाला, "साहेब, तुमी बी हिथं न्हाय थांबायचं. तिकडं, टाकीपाशी जावा."

मी गणवेशात होतो. रस्त्यावर बाजारकरू थांबून बघत होते. मिस्त्रीने सांगितले त्या जागी, टाकीपाशी, मी जाऊन उभा राहिलो.

माणूस लपवतो आहे की जपतो आहे, हे बाहेरून सारखेच दिसते. फरक कळायला थांबून विचारावे लागते, आणि मी थांबलो नव्हतो. या प्रकरणाने मला एवढेच शिकवले, पण त्या शिकण्याची किंमत मी भरली नाही, त्याने भरली.

रस्त्यावरून कोणीतरी हाक दिली, "मिस्त्री, आमच्याकडं कवा येताव?"

तो छपरावर होता, तोंडाला मुखपट्टी. पंपाचा दांडा मारत त्याने मोकळ्या हाताने त्या माणसाला खूण केली, 'आधी लांब सरक.' तो माणूस मुकाट्याने सरकला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.