भेगेवरची काच

गल्लीत त्यांना सगळे ओळंबाकाका म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतो ते टोकदार वजन म्हणजे ओळंबा, आणि तो काकांच्या खिशात कायम असे. खरं तर काका चपलांच्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांशी बसायचं, अंगठ्यापाशी चवडा दाबून बघायचा आणि "चावत नाही ना?" असं विचारायचं, एवढंच त्यांचं काम. पण जीव अडकलेला विटा-वाळूत. कुणाकडे चहाला गेले की कप यायच्या आत त्यांचा ओळंबा भिंतीवरून खाली लोंबू लागे.

"वरच्या अंगाला अर्धं बोट बाहेर आलीय तुमची भिंत."

"पडेल का हो?" बिस्किटांची बशी पुढे करत यजमान विचारे.

"छे! पडायची असती तर एव्हाना पडली असती," असा धीर देऊन काका बिस्किट उचलत. यजमानाला मात्र पुढचे आठ दिवस झोप नाही.

हे ज्ञान त्यांनी फुकट मिळवलेलं नव्हतं. स्वतःचं तीन खोल्यांचं घर बांधताना परवानगीच्या कचेरीत त्यांनी एवढे खेटे घातले होते, की तिथला नवा शिपाई त्यांना साहेब समजून उठून उभा राहायचा. तिथे जे शिकले ते त्यांनी पुढे सढळ हाताने वाटलं. नकाशात आधी जिना बसवा, खोल्या मागाहून. खोल्या कुठेही मावतात, जिना रुसतो. शेजाऱ्याच्या अंगाला खिडकी काढायची असेल तर कचेरीत जायच्या आधी शेजाऱ्याकडे जा. ओल दिसली की रंगाऱ्याला बोलावू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. परवानगीची मुदत संपायच्या आत वाढवून मागा. संपल्यावर गेलात की पुन्हा श्रीगणेशा.

आणि भेग! भेगेवर काका बोलायला लागले की समोरचा माणूस बसायला जागा शोधायचा. "भेग बुजवायची नाही. भेगेला विचारायचं, बाई, तू जिवंत आहेस की मेलीस? त्यासाठी एक छोटी काच घ्यायची, भेगेवर आडवी धरायची, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची, तारीख घालायची आणि वाट बघायची. काच फुटली तर भेग अजून चालतेय. नाही फुटली तर खुशाल लिंपा."

आता अशा माणसाच्या स्वतःच्याच घराला भेग पडावी, याला काय म्हणावं?

पडली ती स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या लगतच्या भिंतीला. दाराच्या चौकटीपासून निघाली आणि तिरकी छताकडे गेली. पडली तीही नेमकी नको त्या वेळी. मुलगी आणि जावई भाड्याच्या जागेत राहत होते, आणि घरमालकाने जागा रिकामी करायला सांगितली होती. काकांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढायचं ठरवलं होतं. परवानगी हातात आलेली, वर्षाच्या आत काम सुरू करायचं बंधन, आणि फक्त एक दाखला बाकी: खालचं बांधकाम वरचं ओझं पेलेल, असा इंजिनिअरचा. इंजिनिअर बाई येऊन गेल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण बोलणं तोलून मापून. त्यांनी भेगेवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला मी काय सांगणार? काच लावा. मुदतीपर्यंत टिकली तर दाखला देते. फुटली तर वर एक वीटसुद्धा चढवायची नाही."

काकांना लगेच, त्या क्षणी काच हवी होती. पुढच्या खोलीत भिंतीवर पत्त्याएवढ्या छोट्या फोटोंची एक रांग होती, सगळ्या फ्रेमा एका मापाच्या. काकांनी सासऱ्यांचा फोटो उतरवला, काच काढली आणि भेगेवर बसवली.

"माझेच वडील दिसले का तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

"अगं, ते कडेला होते."

"कडेलाच ठेवलेत तुम्ही त्यांना, लग्न झाल्यापासून."

घाईत तारीख घालायची तेवढी राहिली. गल्लीभर ज्याला-त्याला सांगितलेली गोष्ट स्वतःच्या घरी राहिली, पण काकांच्या डोक्यात तेव्हा तारीख नव्हती, भेग होती.

आणि मग सुरू झाली तगमग. सकाळी उठले की तोंड न धुता काच. दुकानातून आले की चप्पल न काढता काच. जेवताना काकांचं तोंड ताटाकडे आणि डोळे कोपऱ्याकडे. गिऱ्हाइकाच्या डाव्या पायात उजवा बूट चढवण्यापर्यंत मजल गेली. "हा चावतोय," गिऱ्हाईक म्हणे. "रुंदावतेय का?" काका विचारत. भिंतीवर नाणं वाजवून बघायचं, छताला कान लावायला स्टुलावर चढायचं, दार दोनदा उघडझाप करून अडतंय का बघायचं. घरात फोडणीचा चर्र आवाज झाला तरी काका "काय फुटलं?" करत धावत येत. काकू वैतागून म्हणाल्या, "भिंतीचं मला माहीत नाही, पण तुम्ही नक्की खचणार."

पण काच शाबूत होती! महिने गेले, दोन्हीकडचे पाहुणे येऊन गेले, मुदत जवळ आली, काचेवर ओरखडा नाही. बाई आल्या, भिंग लावून काच बघितली, म्हणाल्या, "मेलेली भेग दिसते. उद्या दाखला पाठवते." काकांनी त्याच दिवशी वाळू मागवली आणि लोखंडाच्या सळ्या दारात उतरवून घेतल्या. मिस्त्रीने दुसऱ्याच दिवसापासून, नव्या सळ्या जोडायला, जुन्या खांबांची वरची टोकं फोडायला घ्यायचं ठरलं. काकांना हलकं वाटायला हवं होतं. पण इतके महिने अंगात मुरलेली तगमग एका दिवसात कुठे जाणार? सळ्या मोजून झाल्या, पुन्हा मोजल्या, मग त्या सरळ आहेत का म्हणून त्यांच्यावर ओळंबा धरला. आडव्या पडलेल्या सळ्यांवर!

आपल्या खोल्या कुठे निघणार ते बघायला मुलगी त्या संध्याकाळी आली. पुढच्या खोलीत पिशवी ठेवली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "आई, माझ्या फोटोची काच कुठे गेली?"

काकू आत भांडी लावत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"आणि मावशीचीपण नाहीये. थोरल्या काकांची नाही. आत्याआजी तर धूळ खाऊन ओळखूसुद्धा येत नाही! बाबा, सगळे फोटो बोडके कसे?"

काका वळले. वर्षभर त्यांनी घरातली प्रत्येक भिंत तपासली होती. भिंतीवर काय टांगलंय ते एकदाही बघितलं नव्हतं. सहा फोटोंची रांग. सासऱ्यांची काच त्यांनीच काढलेली. त्यापुढचे चार उघडे. शेवटचा, त्यांचा स्वतःचा, तेवढा चकचकीत.

"अगं, इकडे ये बघू," काका म्हणाले.

काकू हात पुसत आल्या. हात कधीच कोरडे झाले होते, तरी पदराला पुसत राहिल्या.

"फुटली होती," त्या म्हणाल्या.

"किती वेळा?"

काकूंनी फोटोंच्या रांगेकडे बोट केलं.

काका जवळच्या खुर्चीत बसले. मुलगीही बसली. उभं राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"पहिल्यांदा मला वाटलं माझाच झाडू लागला," काकू सांगू लागल्या. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ती भिंत डोक्यावर घेऊन नाचला असतात. म्हणून आत्याबाईंची काच काढली आणि तुम्ही लावलीत तशीच लावली. सिमेंट काय, तुमचं कायम पडलेलंच असतं घरात. दुसऱ्यांदा फुटली तेव्हा झाडू हातात नव्हता. म्हटलं, काच पातळ असेल. थोरल्या भाऊजींची लावली."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मला कळलं," काकू म्हणाल्या. मग मुलीकडे न बघता म्हणाल्या, "पण मला पोर घरी यायला हवी होती."

काकांनी दाराबाहेर बघितलं. दारात वाळूचा ढीग, डोक्यावर परवानगी, त्यावर उद्याचा दाखला, आणि सगळ्याच्या खाली आपल्याच लेकीच्या फोटोची काच! आणि वर राहणार होती ती लेक समोर बसलेली.

"आई," मुलगी म्हणाली, "माझी काच चौथी का? मावशीच्या नंतर?"

"चौथी म्हणजे मान आहे गं! आवडत नव्हते त्यांच्या आधी काढल्या."

"माझ्या आत्यापासून सुरुवात केलीस!" काका एकदम म्हणाले.

"चार दिवस राहायला आल्या होत्या. आंघोळीला रोज तीन-तीन बादल्या. त्या गेल्या त्याच दुपारी काच फुटली, मग राग कुणावर काढायचा?"

काका खुर्चीतून उठले. "थांब. पुन्हा सांग. आत्या राहून गेली तेव्हा फुटली? आणि थोरल्याची?"

काकूंनी आठवलं. थोरले भाऊजी बायकामुलांसह आले होते. बहीण आली होती ती तिच्या सासूला घेऊन. आणि शेवटची फुटली ती हीच लेक आणि जावई सुट्टीत येऊन गेले तेव्हा.

"म्हणजे पाहुणे गेले की भिंत फुटते," मुलगी म्हणाली. "घरच माणूसघाणं आहे आपलं."

पण काकांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते भिंतीच्या पलीकडे बघत होते, बाथरूमकडे. घरात दोनच माणसं असली की पाणी बेताचं जातं. पाहुणे आले की बादल्यांवर बादल्या. ओल दिसली की आधी पाणी शोधा, असं ते जगाला सांगत आले होते. इथे ओल दिसली नव्हती म्हणून त्यांनी पाणी शोधलंच नव्हतं. ओल वर कशी दिसणार? सगळं पाणी खाली पायात जात होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हातोडा घेऊन खांब फोडायला आला, त्याला काकांनी मागच्या कोपऱ्यात खणायला लावलं. कमरेइतकं खणल्यावर मिस्त्रीने पहार टेकवली, ती आपोआप आत गेली.

"काका, चिखल आहे हो नुसता!"

बाथरूमच्या पाइपचा सांधा सुटला होता आणि घरातल्या प्रत्येक आंघोळीचं पाणी कोपऱ्याखालची माती धुऊन नेत होतं. वर दोन खोल्या चढल्या असत्या, वर आणखी एक बाथरूम झालं असतं, दोघांचे चौघे राहायला लागले असते... काकांनी पुढचा विचार केला नाही. खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बोला की काहीतरी," काकू म्हणाल्या. "ओरडा तरी."

"कुणाला ओरडू? मी वर्षभर भेगेला विचारत बसलो. तुला विचारलं असतं तर भागलं असतं."

काका तसेच चिखलाच्या पायांनी इंजिनिअर बाईंकडे गेले आणि काच खोटी असल्याचं सांगून टाकलं. बाईंनी तयार केलेला दाखला फाडला. एवढंच म्हणाल्या, "तारीख घातली होतीत ना काचेवर?" काका उठले. तिथून कचेरीत. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते, अर्ज वेळेत गेला आणि मुदत वाढून मिळाली. निदान एक सल्ला तरी काकांनी स्वतः पाळला. खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, आज कुणाचं काम घेऊन आलात?" काका म्हणाले, "ओळखीतलाच आहे एक. जरा उतावळा आहे."

पाइप बदलला. कोपऱ्याखालची खचलेली माती उपसून खडी आणि काँक्रीट भरलं. मुलीचं आणि जावयाचं सामान पुढच्या खोलीत लागलं, कारण घरमालक काही कोपरा सुकायची वाट बघणार नव्हता. सळ्यांवर ताडपत्री चढली. मुलगी आली, पण वर नाही, मधोमध. जावयाच्या पायात रोज कुणाची ना कुणाची उशी येऊ लागली. आणि भेगेवर नवी काच बसली. फ्रेमवाल्याकडून एकच तुकडा कापून आणला, आमच्या घरातल्या कुणालाही दुसरा द्यायचा नाही अशी ताकीद देऊन. कोपऱ्यात मुलीच्या नेलपॉलिशने ठळक लाल तारीख.

तरी काकांचा जीव थाऱ्यावर येईना. आता चार माणसं रोज आंघोळ करत होती. जावई तर पाण्याचा शौकीन, आत गेला की गाणं संपेपर्यंत बाहेर नाही. पलीकडे पाणी खळखळलं की इकडे काका भिंतीला कान लावून उभे. आणि त्यावर नवीनच शंका: काच शाबूत दिसतेय, पण ही तीच आहे ना?

"ही तीच ना गं?"

"तीच."

दुपारी फोन दुकानातून. "तीच ना?"

शेवटी काकूंनी त्यांना हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं आणि जावयाच्या बॅगांवरून त्या फोटोंच्या रांगेसमोर उभं केलं.

"हे बघा. घरात काचेचा एकच फोटो उरलाय. तुमचा. हवी तेव्हा काढता आली असती, पण मन होईना. त्याच्यावर काच आहे तोवर भिंतीचं मला विचारायचं नाही. तो बोडका दिसला की समजा."

काका बराच वेळ स्वतःकडे बघत उभे राहिले. तरुणपणीचा फोटो, केस भरपूर, मान किंचित वाकडी. ओळंबा लावला तर निदान एक बोट बाहेर.

मग तीच रीत पडली. सकाळी उठले की काका आधी पुढच्या खोलीत, फोटोपाशी.

वाढवून मिळालेली मुदत संपत आली तेव्हा इंजिनिअर बाई पुन्हा आल्या. स्वयंपाकघरात स्टुलावर चढून त्यांनी भिंग लावलं, तारीख वाचली, काचेची दोन्ही टोकं नखाने खरवडून बघितली. घरातले सगळे श्वास रोखून दारात. काका तेवढे नव्हते. बाईंनी मान वळवून बघितलं, तर काका पुढच्या खोलीत भिंतीसमोर, हात मागे बांधून.

"काका, भेग इकडे आहे. तुम्ही तिकडे काय बघताय?"

"भिंतच बघतोय," काका म्हणाले. "ठीक आहे. लिहा दाखला."