आईसाहेबांनी न मारलेली हाक

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, उमरी. आईसाहेबांचा तेरावा. घरचे हजर: थोरले दीर, म्हणजे आमचे राजेसाहेब; त्यांच्या पत्नी, माझ्या जाऊबाई; त्यांचा मुलगा आणि निलंग्याहून नुकतीच आलेली त्याची नवरी; किनवटच्या आत्यासाहेब; मी आणि माझे यजमान. जेवायला येणारे वेगळे, त्यांचा आकडा आचाऱ्याला आदल्या दिवशीच दिला होता.

आईसाहेब माझ्या सासूबाई. चुकीच्या नावाने हाक मारली की त्यांना ऐकूच यायचं नाही. एकदा मीटर बघायला आलेला माणूस "मावशी, ओ मावशी" करत भर उन्हात फाटकाशी उभा होता. आईसाहेब समोरच ओसरीवर शेंगा सोलत बसलेल्या. मी जाऊन त्याला काय म्हणायचं ते सांगितलं, तेव्हा त्यांनी मान वर केली. "कोण आलंय गं?"

आमची निजामाच्या काळातली लहानशी जहागीर. किताब सरकारने काढले, गावं गेली, बियाणांचं दुकान राहिलं. घरात मात्र किताब चालूच होते, आणि बायकांचे किताब वाटणं आईसाहेबांच्या हाती. रीत अशी की राजे वारले की पगडी थोरल्या मुलाला बांधायची. त्याची आई तोवर राणीसाहेब असते, ती आता आईसाहेब होते, आणि सुनेला चारचौघांत 'राणीसाहेब' अशी पहिली हाक मारते. ती हाक पडेपर्यंत दुसऱ्या कुणी तो शब्द वापरायचा नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही.

माझं माहेर देगलूरकडचं, देशमुखी. मला उंबऱ्यावरच 'धाकट्या बाईसाहेब' मिळालं. जाऊबाईंच्या वडिलांची चाकूरला पिठाची गिरणी. त्यांना आईसाहेब नुसतं 'चाकूरची' म्हणायच्या. "चाकूरची, पदर झटक. पीठ सांडंल."

सासरे गेले, दिरांना पगडी बांधली. जाऊबाई डोक्यावरून पदर घेऊन पाटावर बसल्या. सगळे आईसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी अंगणात बांधलेल्या नव्या म्हशीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "राणीसाहेब, वैरण खाल्ली का?"

लोक हसले. दीर हसले. पदराआड जाऊबाईही हसल्या असाव्यात, खांदे हलत होते.

तेव्हापासून म्हैस राणीसाहेब. तिची धार काढायचं काम जाऊबाईंचं. पुढे ती म्हैस मेली. आत्यासाहेब म्हणाल्या, "वहिनी, आता तरी गादी मोकळी झाली."

"मोकळी कशी? तिची वगार हाय की," आईसाहेब म्हणाल्या.

त्यांच्या तोडीचं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांच्या जिभेवर आम्ही सगळे खूश असायचो, ती आपल्यावर फिरत नव्हती तोवर.

लातूरच्या दवाखान्यात शेवटी जाऊबाईच त्यांच्या उशाशी होत्या. नर्स "आजी, तोंड उघडा" म्हणाली की आईसाहेब दात आवळून घ्यायच्या. जाऊबाई "आईसाहेब" म्हणायच्या, मग औषध पोटात जायचं. हागणं-मुतणं सगळं त्यांनीच काढलं. एका सकाळी माझ्यासमोर त्या म्हणाल्या, "आईसाहेब, आता तरी मारा की हाक. एकदाच."

आईसाहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं. "लई घाई झाली का? मी मेल्यावर तुला कोण अडवतंय? तूच मार तुला हाक." मग तोंड पुसून घेतलं आणि कुशीवर वळल्या. दोन दिवसांनी गेल्या.

सासू हाक न मारता गेली तर तो मान आत्याकडे जातो. म्हणून तेराव्याला आत्यासाहेबांनी जाऊबाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि गहिवरून हाक मारली, "राणीसाहेब!"

जाऊबाई रडल्या. आम्ही सगळ्यांनी पाया पडून घेतलं. शेवटी नवी सून वाकली. पोरगी मनमिळाऊ आहे. तेरा दिवस सासूचे पाय तिनेच चेपले. तिचे वडील टमटम चालवतात.

"आता तुमची पाळी," आत्यासाहेब म्हणाल्या. "सुनेला वहिनीसाहेब म्हणून हाक मारा, म्हणजे मी जायला मोकळी."

जाऊबाईंनी डोळे पुसले. पदर सारखा केला. सुनेकडे जरा वेळ बघितलं.

"निलंग्याची," त्या म्हणाल्या, "पाट उचल. हॉर्न वाजवू नको."

लोक हसले. मुलगा हसला. पोरीने खाली बघत पाट उचलला.

मंडपवाला गेला, भांडी परत केली, आत्यासाहेबांना किनवटच्या गाडीत बसवून दिलं. सुनेच्या हाकेची मी राणीसाहेबांना दोनदा आठवण केली. "बघू की, घाई काय हाय," म्हणाल्या. तेवढं एक काम राहिलं आहे.