पहिल्या हाकेला

"ओ, आलो."

हाक पुरती तोंडाबाहेर पडायच्या आत त्याची ओ यायची. हाक कोणाला मारली, कशाला मारली, हे तो बघत नसे. आमच्या आळीत कोणा बाईनं नवऱ्याला "अहो" म्हटलं, की नवरा कूस बदलायच्या आत हा कुंपणाशी उभा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरे चिडायचे. एकानं त्याला धरलंच, "माझ्या बायकोला ओ देणारा तू कोण रे?"

"मग तू दे की," हा म्हणाला. "मी काय तुझं तोंड धरलंय?"

अशी एकाच सवयीची माणसं तुम्हीही पाहिली असतील. लोक त्यांना खुळी म्हणतात. मीही म्हणायचो. आता माझी बायको गेली, घरात मला हाक मारणारं कोणी उरलं नाही, तेव्हापासून हा माणूस सारखा डोळ्यांपुढे येतो. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हाक मारल्यासारखं होईल.

मी फार शिकलेला नाही. आम्ही दोघं रत्नागिरीच्या बंदरावर एकाच पडावावर वल्ही मारायला होतो. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि आम्ही उतारूंना पडावात घालून किनाऱ्याला आणायचो. पावसाळ्यात आगबोटी बंद. मग घरी बसून काथ्याच्या दोऱ्या वळायच्या, दुसरं काय.

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याची बायको गेली. तिन्हीसांज होती. हा पडवीत दोरी वळत होता. मागच्या परसातून हाक आली, "अहो."

आपल्याकडे काय सांगतात, तुम्हाला ठाऊक आहे. तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. भूत एकदाच हाक मारतं, माणूस दुसऱ्यांदा मारतो. ह्यालाही आईनं हेच शिकवलेलं. त्यानं हात थांबवला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला. दुसरी हाक आली नाही. नसेल माणूस, असं समजून तो पुन्हा दोरी वळू लागला.

परसातली विहीर काठोकाठ भरली होती. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ होतं. आणखी काय लिहू.

पुढचा पाडवा आला. पाडव्याला कडुलिंबाचा पाला सगळेच खातात. आमच्या आळीत रीत अशी, की गूळ तोंडात टाकायच्या आधी नुसता पाला चावायचा आणि तोंड कडू असताना वर्षाचा नेम बोलायचा. कडू तोंडानं खोटं बोलवत नाही म्हणे. चांगलं बोलवतं. मी दरसाल तंबाखू सोडायचो. आमची ही म्हणायची, "तुमचा नेम म्हणजे आंब्याचा मोहोर. दिसतो ढीगभर, वारा सुटला की खाली." एकानं बायकोशी न भांडायचा नेम केला होता. गुढी उतरायच्या आत भांडला.

त्या पाडव्याला ह्यानं पाला चावला, गिळला आणि म्हणाला, "यंदापासून पहिल्या हाकेला ओ द्यायची."

एक म्हातारी म्हणाली, "तिन्हीसांजेलासुद्धा?"

"तिन्हीसांजेलाच."

"अरे, बाहेरचं काय असलं तर घेऊन जाईल तुला."

"जाऊ दे घेऊन. दुसऱ्या हाकेची वाट बघणार नाय."

नेम कसा पाळावा ते त्याच्याकडून शिकावं. पडावात असताना आगबोटीनं भोंगा दिला की हा वल्ही मारता मारता म्हणे, "ओ, आलो." उतारू हसायचे. मासेवालीनं आळीत शिरून आरोळी दिली की हा ओ द्यायचा आणि मग बिचाऱ्याला मासे घ्यावेच लागायचे. हाक मला मारलेली असली तरी आमची ही त्याला परत पाठवत नसे. म्हणायची, "भावजी, आलातच तर एवढा हंडा उतरवा."

मी तिला म्हणायचो, "तो खुळा, तू त्याच्याहून खुळी."

"ओ दिलीय त्यांनी," ती म्हणायची. "रिकामं कसं पाठवू?"

दर पाडव्याला त्याचा तोच नेम. एकदा मी म्हटलं, "जुना झाला रे. आता दुसरा धर."

"गेल्या सालचाच पुरा झाला नाय अजून," तो म्हणाला.

कधी कधी तिन्हीसांजेला कोणीच हाक मारलेली नसे आणि त्याच्या घरातून ओ ऐकू यायची. मग मागचं दार वाजायचं. बऱ्याच वेळानं तो पडवीत येऊन बसायचा. ती ओ ऐकून आळीत कोणी हसत नसे. बायका पोरांना आत घ्यायच्या.

शेवटी तापानं धरला. पावसाळाच होता. आमची ही पेज घेऊन त्याच्या उशाशी बसलेली, मी दारात. किती दिवस तोंडातून शब्द नव्हता. दिवेलागणीला अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "ओ, आलो." आणि गेला.

मी हिला विचारलं, "तू हाक मारलीस?"

"मी नाही मारली." तिनं पेजेची वाटी खाली ठेवली. मागच्या दाराकडे बघत म्हणाली, "ऐकली मात्र."

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्याच्यामागं बरेच दिवस आळीत कोणी "अहो" म्हटलं की नवरे जरा थांबायचे. आधी त्याची ओ येईल, मग आपण, अशी सवय पडलेली. बायका हंडा धरून उभ्याच राहायच्या.

पुढच्या पाडव्याला हिनं पाला माझ्या हातात दिला. "तंबाखूचं नाव काढू नका. पहिल्या हाकेला ओ द्या."

"आणि माणूस नसलं तर?"

"नसू दे."

जन्मात एवढा एक नेम मी पाळला. जेवताना ताटावरून उठलो, भांडून अबोला धरला तेव्हाही ओ दिली. तिनंही मला उगाच कधी पारखून बघितलं नाही.

ती गेली भातलावणीच्या दिवसांत. मी दिवसभर तिच्या उशाशी होतो. ओठांकडे बघत होतो. ते जरा हलले असते तरी मला पुरलं असतं.

तिनं हाक मारलीच नाही.