बुजवलेल्या हौदाची जागा

माझे सासरे बॅटरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होते. कारखान्याची मागची भिंत म्हणजेच आमच्या परसाची भिंत. कारखाना बंद पडला, मालक निघून गेला, यंत्रं भंगारात गेली आणि जमीन सतरा वर्षं पडून राहिली. गिऱ्हाइकं यायची, पण खाली काय मुरलंय ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे आल्या पावली परत जायची.

मग सरकारने अशा जमिनींसाठी निधी काढला. आधी माती तपासायची, मग साफ करायची आणि त्यावर लोकांच्या उपयोगाचं काही बांधायचं. आमच्या शहराचाही नंबर लागला, आणि एका सकाळी सर्वेच्या बाई दारात आल्या. तिशीच्या असतील. चिखलाचे बूट त्यांनी न सांगताच बाहेर काढले, तेवढ्यावर सासूबाई त्यांच्या बाजूच्या झाल्या.

"काका, कारखान्याचे नकाशे सापडत नाहीयेत. जमिनीखाली कुठे काय होतं, आठवतं का तुम्हाला?"

"नाही," सासरे म्हणाले. "फार वर्षं झाली."

मला नवल वाटलं. या माणसाला लग्नाची तारीख आठवायची नाही, पण कुणाच्या घरी कधी कसला नळ बसवला ते तोंडपाठ. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. परसातल्या वाफ्यांमधली थोडी माती तपासायला नेऊ का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सासूबाई पालक खुडत होत्या आणि माझी चार वर्षांची लेक त्यांच्या शेजारी कोपरापर्यंत मातीत हात घालून बसली होती. सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग पायरीवर टेकले.

"भिंतीपलीकडे हौद होता," ते म्हणाले. "बॅटऱ्या धुतलेलं पाणी त्यात जायचं, शिशाचा गाळ तळाला बसायचा. एकदा त्याला तडा गेला. साहेब म्हणाले, दुरुस्ती नको, बुजवून टाका. राडारोडा भरून वर काँक्रीट ओतलं. मीच ओतलं."

"आणि मला बोलला नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभी असतीस."

"असते की."

बाई म्हणाल्या, "काका, उद्या आत याल माझ्याबरोबर? नाहीतर आम्ही वर्षभर नुसती भोकं पाडत बसू."

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून सासरे आत गेले. धुराड्याच्या पायापासून त्यांनी पावलं मोजली, थांबले, मान हलवली, दोन पावलं डावीकडे सरकले. पहिल्या बोअरला काही लागलं नाही. दुसऱ्याला काँक्रीट लागलं आणि त्याखाली करडा, उग्र वासाचा गाळ.

आमच्या वाफ्यांमध्येही शिसं निघालं. त्याच निधीतून गल्लीतल्या सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं. लेकीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा थोडा वर होता. पण डॉक्टर म्हणाल्या की वेळेवर कळलंय, ती माती सुटली की आकडा उतरेल. आणि उतरला. वर्षभरात तो सगळ्यांसारखा झाला, त्या तपासणीचा कागद सासूबाईंनी कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय.

हौद उपसला, दूषित माती बंद ट्रकमधून गेली, आमच्या परसातही बाहेरून चांगली माती येऊन पडली. हे सगळं आमच्या खिशातून करायचं म्हटलं असतं तर घर विकूनही भागलं नसतं.

आता भिंतीपलीकडे दवाखाना आहे. उद्घाटनाला सासरे शेवटच्या रांगेत बसले होते. बाईंनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि माईक दिला. "मी फिटर होतो," ते म्हणाले, "बाई दुसऱ्यांदा आल्या, म्हणून बरं झालं." आणि खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या आहेत हे लोकांना जरा उशिराच कळलं.

बीपी उत्तम असलं तरी दर महिन्याला ते तिथे जातात. डॉक्टर हसून म्हणतात, "काका, तुम्हाला काही झालेलं नाही." सासरे मान डोलावतात आणि हौद होता त्या जागेवरच्या बाकावर आणखी थोडा वेळ बसून घरी येतात.