एक मूठ मिसरी कापूस

कारंज्याच्या कापूस बाजारात माझे अब्बा डोळे गेल्यावरही पारखीला बसायचे. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरायची, हलकेच ओढून तार किती लांब येते ते अजमावायचं अन् कापूस कोणत्या गावचा ते सांगायचं. मुंबईचे व्यापारी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, कापसाचं कौतुक करत, ते त्यांना बिलकुल पटत नसे. पण दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीच्या त्या साली त्यांची बोटंही बधिर व्हायला लागली. मला जवळ बसवून म्हणाले, "जाय बेटा, एक मूठ घेऊन ये. बोटं हायेत तवरक मले धरू दे."

झालं! कारंज्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई. कोणाला जायचं असेल तर सांगतो, पासपोर्टाचे हेलपाटे आधीच उरकून घ्या. बोटीचं तिकीट डेकचंच काढा. अंथरूण, शेगडी, पीठ आपलं आपण न्यायचं. एडनपर्यंत मी उलट्यांनी अर्धा झालो. नंतर मात्र अशी भूक लागली की शेजारच्या सुरती म्हाताऱ्याचा चिवडाही संपवला.

सुएझला उतरलो अन् तिसऱ्या वर्गानं कैरो गाठलं. या अल्ला, काय ते शहर! इथे मिनार मोजायला जाऊ नका, मान दुखून येते. एका मोठ्या मशिदीच्या मागे एका खाणावळीच्या माडीवर खाट मिळाली. सकाळी मंद आचेवर रात्रभर शिजलेला बाकला, वालासारखा मोठा दाणा, मिळतो, 'फूल' म्हणतात. वर तेल, लिंबू, सोबत फुगलेली रोटी. एका नाण्यात पोट टम्म. पिरॅमिडपर्यंत चक्क ट्राम जाते. खाली उभा राहून वर पाहिलं अन् माझी टोपी मागे पडली. ती उचलायचंही सुचलं नाही. एवढे दगड माणसांनीच रचले, यावर आजही विश्वास बसत नाही.

पण माझं काम नाईलच्या खोऱ्यात होतं. तांता नावाच्या गावी उतरलो. काळीभोर माती, पाण्यानं भरलेले कालवे अन् उंटांवर कापसाची पोती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पोत्यात सरळ हात घालून चिमूट काढली. आपल्याकडे कोणीही घालतो, कोणी विचारत नाही. मग भाव करायचा म्हणून खांद्यावरचा रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला अन् खालून त्याची बोटं धरली. आपल्या बाजारात सौदा असाच बोटं दाबून होतो ना, चारचौघांना भाव कळू नये म्हणून!

म्हातारा असा ओरडला की विचारू नका. त्याच्या बोटात चांदीची अंगठी होती. दहा माणसं धावली, एकानं माझी गचांडी धरली. माझी अरबी नमाजापुरती. त्यात 'मी चोर नाही' कुठे आहे? घाबरून मी मुठीतली चिमूट वर केली, नखांत धरली अन् तार ओढली. ओढतच राहिलो. संपेचना ती! मी तर भांडण विसरून तिच्याकडेच बघत उभा.

म्हातारा पुढे झाला. माझ्या हातातली चिमूट घेऊन त्यानं अगदी तशीच, अंगठ्याच्या नखांत धरून ओढली. मग माझ्याकडे बघून खो खो हसला. मी डोळ्यांवर हात ठेवून, त्याचीच पांढरी दाढी दाखवून बापाचं सांगितलं. त्याला किती कळलं कोण जाणे, पण त्यानं बोंडं वेचून माझा रुमाल भरून दिला, अन् पैसे काही घेतले नाहीत.

पुढे आठवडाभर अलेक्झांड्रिया पाहिलं. समुद्राकाठी फिरताना रुमाल छातीशी धरलेला असायचा. मुंबईच्या गोदीत नेमकी सरकी काढून घेतली. परमुलखाचं बी येऊ देत नाहीत. मूठभर रुई तेवढी सोडली.

घरी पोचलो. अब्बांच्या हातावर चिमूट ठेवली. त्यांनी ओढली, पुन्हा ओढली अन् चेहरा उतरला.

"रेशीम हाये हे. आंधळ्या बापाले काहून फसवून राह्यला?"

"कसम खुदाची अब्बा, कापूसच हाये!"

"सरकी कुठी हाये मंग? आन दिवा. जाळून पाह्य."

अर्धी चिमूट दिव्यावर धरली. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. हिला आला जळक्या कागदाचा. कापूसच. अब्बा खाली बसले.

"म्हंजे बोटं गेली माही," ते म्हणाले. "कापूस अन् रेशीम कळेना मले."

एवढा समुद्र ओलांडून मी बापाला हे आणून दिलं? धावत बाहेर गेलो, दारावरून चाललेल्या कापसाच्या गाडीतून चिमूट उपटली अन् कुठली ते न सांगता त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ओढली. क्षणही लागला नाही. "इंझोरीचा. पहिल्या वेचणीचा. दव सुकायच्या आत वेचला लेकाच्यांनी."

मी गाडीवानाला विचारलं. तो इंझोरी गावचाच होता.

"बोटं शाबूत हायेत, अब्बा," मी म्हटलं अन् मला रडूच फुटलं.

अब्बांनी चाचपडत उरलेली अर्धी चिमूट शोधली, नखांत धरली अन् सावकाश ओढायला लागले. "मंग असा कापूस असते," ते म्हणाले. "खरंच असते."