बाबांना दिलेलं लाल फूल

जपानच्या शाळेत बरोबर उत्तरापुढे आपल्यासारखी तिरकी खूण केली की मुलं रडकुंडीला येतात, कारण इथे ती उत्तर चुकल्याची खूण आहे. बरोबर उत्तराला लाल गोल काढायचा. उत्तर फारच छान असेल, तर गोलाला आतून बाहेर वळणं घेत न्यायचं आणि भोवती पाकळ्या काढायच्या, की झालं फूल. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी तिसरीच्या वर्गाचे कागद हौसेने तपासले आणि सगळ्या वर्गाला नापास करून टाकलं. वर्गशिक्षिका बिचारी एकेका बाकापाशी जाऊन समजूत घालत होती आणि मी फळ्याजवळ उभी राहून मनातल्या मनात स्वतःला अस्सल साताऱ्याच्या शिव्या घालत होते.

संध्याकाळी बाबांना फोनवर ही गंमत सांगितली. "मग माझी तीस वर्षांतली पोरं तिकडे सगळी नापासच की," एवढं म्हणून ते चहा पिऊ लागले.

बाबा साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना 'सर'च म्हणतात. त्यांच्या लाल पेनाला एकच खूण ठाऊक होती आणि त्यानंतर एकच वाक्य, 'पुढचं गणित घे'. शाबास हा शब्द त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलेला मी ऐकला नाही, मला तर नाहीच. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा आईने साखर वाटली. बाबांनी गुणपत्रिका चष्मा पुसून वाचली आणि म्हणाले, "बरं. अकरावीचं पुस्तक मिळालं का?" त्यांच्याकडून 'हो' काढणं तर त्याहून अवघड. सहलीला जाऊ का, सायकल घेऊ का, काहीही विचारा, उत्तर 'बघू'. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीसाठी जपानला जायचं ठरलं, तेव्हाही ते हो म्हणाले नाहीत. "ठरवलंच आहे तर मला कशाला विचारता?" म्हणाले आणि स्टेशनवर सोडायला मात्र आमच्याआधी तयार होऊन बसले.

त्याला सहा वर्षं झाली. आम्ही ग्योतोकु नावाच्या उपनगरात राहतो. पहिली तीन वर्षं मी घर, सुपरमार्केट आणि कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा हे पाठ करण्यात घालवली. मग चिकाटीने जपानी शिकले आणि एका कंपनीमार्फत प्राथमिक शाळेत इंग्रजीची सहशिक्षिका झाले. सायकलवरून पंधरा मिनिटांवर शाळा आहे. मुलं मला सेन्सेई म्हणतात, म्हणजे आपलं 'सर'च. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांना सांगायची कोण घाई झाली होती मला.

लोकांना वाटतं घरची आठवण सणावाराला येते. सणाला इथे वीस-पंचवीस मराठी घरं जमतात, नऊवारी काय, लेझीम काय, आठवण काढायला सवडच नसते. मला आठवण येते ती दुपारी जेवताना. इथे शिक्षकांनी वर्गात मुलांबरोबरच जेवायचं असतं. त्यांच्या सुपात माशाचा अर्क असतो म्हणून मी डबा नेते. तीस मुलं एकसारखी ताटं पुढे घेऊन, हात जोडून, एका सुरात जेवण सुरू करतात. आणि मी मागच्या बाकावर बसून मेथीची भाजी पोळीत गुंडाळून खाते, फार वास सुटू नये म्हणून. तेव्हा आपण कुठे येऊन बसलो आहोत असं होतं आणि घास फिरतो.

त्यावर उतारा म्हणजे संध्याकाळचा फोन. इथले आठ म्हणजे तिथले साडेचार, आईबाबांची चहाची वेळ. आई फोन असा धरते की मला बाबांचा एक कान आणि पंख्याची दोन पाती दिसतात. तरी चालायचं.

ऑगस्टच्या शेवटी चार दिवस मला कानही दिसला नाही. बाबा झोपलेत, बाबा अंघोळीला गेलेत, बाबा बँकेत गेलेत. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "आई, रविवारी कुठली बँक उघडी असते?" तेव्हा आई रडली. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं होतं. अतिदक्षता विभागातून बाहेर आणल्यावर मला सांगायचं असं तिने ठरवलं होतं.

मी चिडून इतकी ओरडले की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. "मला का नाही सांगितलंस?"

"तू तिकडून काय करणार होतीस?" आई म्हणाली.

तिने ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण लागलं ते लागलंच, कारण खरं होतं. मी काय करणार होते?

सप्टेंबरात नऊ दिवसांची रजा मिळाली. बाबा घरी आले होते. कुणी काहीही विचारलं की ते एकच शब्द बोलत, 'हो'. पाणी हवं का, हो. नको का, हो. ज्या माणसाने आयुष्यभर हो म्हणण्यात काटकसर केली, त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. स्पीच थेरपी द्यायला बाई यायच्या, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "त्यांच्या 'हो'वर जाऊ नका. ते उत्तर नाही. तोंडाला तेवढाच शब्द सापडतोय." निघताना मी वाकून नमस्कार केला. "येते मी बाबा." ते म्हणाले, "हो." बाईंनी सांगितलेलं ठाऊक असूनही विमानात सात तास मी त्या शब्दाला धरून बसले.

रजेवरून परतलं की सगळ्या सहकाऱ्यांना खाऊ वाटायचा, ही इथली रीत. आपण नव्हतो तेव्हा आपलं काम त्यांनी ओढलं, त्याची ती दिलगिरी. मी कंदी पेढे नेले, एक किलोचा पुठ्ठ्याचा खोका, आणि तो शिक्षकांच्या खोलीत मधल्या टेबलावर उघडून ठेवला. दुपारपर्यंत एकही पेढा उचलला गेला नाही. इथे खाऊ म्हणजे एकेक नग वेगळ्या वेष्टनात, ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवलेला. उघड्या ढिगात हात कोण घालणार? शेवटी मी प्रसाधनगृहाशेजारच्या कोठीत बसून एकेक पेढा प्लास्टिकमध्ये गुंडाळला. गुंडाळता गुंडाळता मला रडू फुटलं, आणि ते पेढ्यांसाठी नव्हतं.

परतल्यावर मी मनाशी एक बेत केला. थेरपीच्या बाईंनी चित्रं दाखवून शब्द काढून घ्यायला सांगितलं होतं. माझा तर धंदाच तो. ज्यांना भाषेचा एक शब्द येत नाही त्यांच्या तोंडून शब्द काढायचे, रोज, चित्रांची कार्डं दाखवून. आईने विचारलं होतं ना, तू तिकडून काय करणार? हे करणार. मी चाळीस कार्डं रंगवली. कप, चष्मा, छत्री, घड्याळ, केळं. रोज आठ वाजता इस्त्रीच्या टेबलावर फोन उभा करून मी बाबांची शाळा घ्यायला लागले.

सोपं नव्हतं. वर्गात मूल अडलं की मी त्याच्या बाकापाशी बसते, ओठांची हालचाल दाखवते. इथे बाबांचे ओठ एका बाजूला ओढले जायचे आणि नेमका तेव्हाच पडदा गोठायचा. कधी आईच्या हाताला रग लागे आणि मला छत दिसे. बाबा घामेजून जात. मी कार्ड हलवत राही. "बाबा, हे काय आहे?" "हो." "हे काय, रोज पिता ना तुम्ही?" "हो." असे सोळा दिवस गेले.

सतराव्या दिवशी मी कपाचं कार्ड धरलं. बाबांनी डोळे मिटले, जबडा दोनदा हलला आणि आवाज आला. "च... चा."

चहा. मी वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या. बाजूला वह्या तपासायचा लाल पेन होता. कोऱ्या कागदावर भलंमोठं फूल काढलं, वळणं, पाकळ्या, सगळं, आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. "शाबास बाबा! किती छान! फूल मिळालं बघा तुम्हाला!" मी हे कुठल्या आवाजात म्हणाले ते मला म्हटल्यावर ऐकू आलं. सात वर्षांच्या मुलांसाठी राखलेला, वरच्या पट्टीतला तो आवाज होता.

बाबांनी त्या फुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पडदा गोठला नव्हता, मला सगळं स्वच्छ दिसलं. त्यांनी डावा हात पुढे केला, आईच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. अंधारातून आईचा आवाज येत होता, "अहो, असं काय करता, पोर बोलतेय ना."

दुसऱ्या दिवशी बाबा फोनवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आईने फोन त्यांच्यासमोर नेला की ते मान भिंतीकडे फिरवत. थेरपीच्या बाईंची कार्डंही बंद केली त्यांनी. तोंडातून एक शब्द निघाला होता, तोही पुन्हा निघेना.

मी काय केलं ते मला कळत होतं. हजारो मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला मी पोरासोरांचं फूल दिलं होतं. ज्या शाबासकीसाठी मी तीस वर्षं जीव टाकला, ती मीच त्यांच्या अंगावर फेकली होती, ती पण टाळ्या वाजवत. कळून उपयोग काय? साताऱ्यात असते तर त्यांच्या पायाशी जाऊन बसले असते. काही न बोलता ताट पुढे केलं असतं, नखं कापून दिली असती. माफी मागायच्या शंभर रीती असतात आणि त्यातल्या नव्व्याण्णवांना माणूस तिथे असावा लागतो. माझ्याजवळ फोन होता, आणि तो त्यांना नको होता.

नवरा म्हणाला, "जाऊन ये सरळ." शाळेत उपमुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. त्या फार भल्या. त्यांनी वडिलांची चौकशी केली, माझ्यासमोर वार्षिक वेळापत्रक उघडलं आणि त्यातल्या रंगीत चौकोनांवरून हळूहळू बोट फिरवत राहिल्या. पालकांसाठीचे खुले तास, सहावीचा निरोप, मार्चमधली वर्षअखेर. कंपनीकडून नम्र पत्र आलं. पुन्हा मोठी रजा घेतलीत तर एप्रिलपासूनच्या कराराचा फेरविचार करावा लागेल. मी घरी येऊन ते नवऱ्याला वाचून दाखवलं. "तू ठरव," तो म्हणाला. याच्याइतका संतापजनक दिलासा दुसरा नसेल. तो म्हणाला असता जाऊ नको, तर भांडता आलं असतं. म्हणाला असता नोकरी सोड, तरी भांडता आलं असतं. आणि गेले तरी पुन्हा नऊ दिवसच ना? नवव्या दिवशी पुन्हा 'येते मी', पुन्हा तो 'हो'. इतकं झगडून मिळवलेली नोकरी सुटेल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मी एवढ्या लांबून जाईन आणि बाबा भिंतीकडे मान फिरवतील. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी फोन लावला तर पडद्यावर बाबा होते. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. आईने कधी नव्हे तो फोन सरळ धरला होता. "आपण होऊन बसलेत," ती पलीकडून म्हणाली.

कार्डं मी केव्हाच कपाटात टाकली होती. शिकवायचं नाही तर बोलायचं काय, हेच मला सुचेना. मग सांगत सुटले. सकाळी कावळ्यांनी कचऱ्याची पिशवी फोडली, मी आणि समोरच्या आजी दोघींनी मिळून रस्ता झाडला. पेढे कसे गुंडाळले ते सांगितलं. बाबा मधूनमधून "हो" म्हणत होते. आमच्याकडे पाहुणे आले की ते जसे ऐकायचे तसेच, चहा गार होऊ न देता.

माफी मागायची होती. तोंडातून भलतंच आलं. "बाबा, मी येऊ का?"

"हो."

"बघ, ये म्हणतायत गं," आई म्हणाली. तिचा आवाज इतका फुलला की मला तिच्याकडे बघवेना, बरं झालं ती दिसत नव्हती.

इथे मी थांबायला हवं होतं. थेरपीच्या बाईंचं वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. तरी मी विचारलं, नीट, सावकाश, त्यांच्या डोळ्यांत बघून. "आत्ता नाही आले, मार्चनंतर आले, तर चालेल ना बाबा?"

"हो," बाबा म्हणाले.

आईच्या हातातला फोन खाली झुकला. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी म्हटलं, "बरं, चहा घ्या, गार होईल," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी उपमुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलापाशी गेले आणि शुद्ध जपानीत सांगितलं की रजा नको, वडिलांशी बोलले, मार्चनंतर आलीस तरी चालेल म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी वेळापत्रक मिटलं. "तुमचे वडील फार समजूतदार आहेत," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.