जर्मन पाहुण्याची दुभाषी

दादाला अमेरिकेला जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेतकी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो गेला होता. आमच्या उंद्री गावातून तिकडे गेलेला तो पहिलाच, त्यामुळे बाजाराच्या दिवशी लोक बाबांना थांबवून विचारायचे, "काय म्हणते पोरगा?" बाबा म्हणायचे, "खुशाल हाय." त्यांना तरी याहून जास्त कुठं माहीत होतं? महिन्यातून एक निळं पत्र यायचं. मी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, थंडी फार आहे, मोठ्यांना नमस्कार. माय ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची आणि भिंतीतल्या देवळीत ठेवायची.

दिवाळीच्या आधी आलेलं पत्र मात्र जरा लांब होतं. दादाच्या इंग्रजीच्या वर्गात एक जर्मन विद्यार्थी होता. आपल्या देशात जाऊन इंग्रजीचा मास्तर व्हायचं म्हणून तो वर्षभरासाठी अमेरिकेत आला होता. आता जपान, कलकत्ता अशा उलट्या वाटेनं तो घरी निघाला होता. वाटेत चार दिवस आपल्याकडे येईल, असं दादानं लिहिलं होतं. 'फार धावपळ करू नका, तो साधा आहे. तिखट कमी घाला.'

मी तेव्हा खामगावला मावशीकडे राहून कॉलेजच्या पहिल्या वर्गात शिकत होते आणि सुटीत घरी आले होते. बाबा शेगावच्या स्टेशनावर जाऊन त्याला घेऊन आले. एसटीतून उतरला तेव्हा त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं. पिवळे केस, लाल झालेली मान आणि पाठीला बांधलेली कापडी पिशवी. त्यानं मायपुढे दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार." दादानं शिकवला असणार. तेवढा एक शब्द सोडला तर त्याला मराठी येत नव्हतं आणि आमच्या घरात कोणी इंग्रजी बोलत नव्हतं.

बाबांनी आधीच तजवीज केली होती. शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींना बोलावून ठेवलं होतं. गुरुजी टोपी झटकून बसले, "हाऊ डू यू डू" म्हणाले, पाहुण्यानंही तेच म्हटलं. मग पाहुणा काहीतरी लांबलचक बोलला. गुरुजी ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि एकदम उठून म्हणाले, "पाटील, माही म्हैस सुटली अशीन." ते गेले ते पाहुणा जाईपर्यंत आमच्या गल्लीत फिरकले नाहीत.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू शिकून राह्यली ना वं इंग्रजी?" बाबा म्हणाले. "बोल मंग."

मी शिकत होते हे खरं. कोणताही धडा वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगू शकत होते. वाक्याचे प्रयोग उलटेपालटे करून देऊ शकत होते. पण आजवर एकही इंग्रजी वाक्य तोंडानं बोलले नव्हते. आमच्या वर्गात कोणीच बोलत नसे, सरसुद्धा धडा वाचण्यापुरतंच बोलत. पहिल्या दिवशी मी डोक्यात वाक्य जुळवायचे, क्रियापद तपासायचे, आणि तोंड उघडेपर्यंत पाहुणा पुढच्या गोष्टीवर गेलेला असायचा. त्याच्या ते लक्षात आलं. मग तो सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा बोलू लागला. म्हणाला, "माझा पहिला महिना असाच गेला. मी पुस्तकातलं इंग्रजी घेऊन गेलो होतो. तिथं कोणी पुस्तकातलं बोलत नव्हतं."

ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं, की मी पटकन म्हणाले, "मीसुद्धा." व्याकरणाचा विचार न करता बोललेला तो माझा पहिला शब्द.

जेवताना तो अमेरिकेच्या गोष्टी सांगायचा आणि मी त्या वऱ्हाडीत करून मायला सांगायचे. कॉलेजच्या खानावळीत काचेपलीकडे एक बाई उभी असायची. ताट पुढे केलं की ती भराभर प्रश्न विचारायची: अंडं कसं हवं, पाव कोणता, वर काय घालू. याला एक अक्षर कळायचं नाही. तो सगळ्याला 'हो' म्हणायचा आणि भलतंच काहीतरी ताटात घेऊन यायचा. आमच्या दादाचीही तीच गत. शेवटी दोघांनी युक्ती काढली. रांगेत एखाद्या माणसाच्या मागे उभं राहायचं आणि त्याच्या ताटाकडे बोट करून म्हणायचं, "हेच."

मायला गंमत वाटली. मग ती थांबली. "अन् पुढच्यानं मटण घेतलं तं? आपला पोरगा तं खात नाई."

मी विचारलं. पाहुणा हसत म्हणाला, "पुढचा माणूस बहुतेक वेळा मटणच घ्यायचा. त्या दिवशी तुझा भाऊ पाव आणि सफरचंद खायचा. पहिल्या थंडीत तो इतका बारीक झाला, की आम्ही त्याच्या कोटाला आतून टाका घातला."

मी आलं तसं सांगून टाकलं. मायचा हात परातीत थांबला. पत्रात असलं काही कधी नव्हतं. तिनं पाहुण्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकर वाढली. मला तेव्हा कळलं, की दुभाष्यानं सगळंच पोचवायचं नसतं. त्यानंतर मी जपून सांगू लागले. थंडीत दादाचे ओठ फुटायचे हे गाळलं. वर्गातली गंमत मात्र पूर्ण सांगितली. इंग्रजीत व दोन आहेत, एक ओठ गोल करून म्हणायचा आणि एक दात टेकवून. जर्मन माणसाला एकच येतो आणि मराठी माणसालाही एकच. त्यामुळे त्यांच्या बाईंनी या दोघांना एका बाकावर बसवलं होतं, आणि दोघं रोज ओठ गोल करून वारा सोडत बसायचे. माय आणि बाबा दोघंही ओठ गोल करून पाहू लागले. व दोन असतात हे मलाही त्या दिवशीच कळलं, पण मी ते कोणाला कळू दिलं नाही.

मायनं त्याच्या घरचं विचारलं. त्यानं सांगितलं, वडील लढाईवर गेले ते परत आले नाहीत. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. आईनं शिवणकाम करून वाढवलं. माय म्हणाली, "त्याले म्हण, तुह्यी माय वाट पाहून राह्यली अशीन, लवकर जाय." मी सांगितल्यावर त्यानं मायकडे पाहून मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला शेतात नेलं. कापसाची वेचणी चालू होती आणि बाबांनी रोडग्यांचा बेत ठरवला होता. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीत कुस्करून खायचे. पाहुण्यानं आधी तासभर कापूस वेचला. बोंडाच्या टोकांनी त्याची बोटं फुटली, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग तो कडुलिंबाखाली आमच्याजवळ येऊन बसला.

वेचणाऱ्यांतली एक बाई पाणी प्यायला आली. ती आमच्या शेतात माझ्या जन्माआधीपासून येत होती. ती रांजणापासून चार हात दूर उकिडवी बसली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावली आणि मायनं तांब्यातून वरून धार धरली. पाणी पिऊन तोंड पुसून ती कापसाच्या ओळीत परत गेली.

पाहुण्यानं मला विचारलं, "ती पेल्यानं का पीत नाही?"

मला इंग्रजीत उत्तर सुचेना. मराठीतही सुचलं असतं असं नाही. मी म्हणाले, "रिवाज."

"काय इचारते तो?" माय म्हणाली.

"ते बाई असं पानी काऊन पेते, म्हणते."

"सांग, रीत हाय."

"सांगितलं."

त्यानं मान हलवली. थोडा वेळ गवताची काडी मोडत बसला. मग आपणहून बोलू लागला, नेहमीपेक्षाही सावकाश.

उन्हाळ्यात कॉलेजचं वसतिगृह बंद झालं, तेव्हा तो आणि दादा खोली शोधायला निघाले. एका घरावर पाटी होती, खोल्या भाड्यानं देणे आहे. घरमालकीण वयस्क होती, बोलायला गोड. तिनं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, एकच खोली उरली आहे, एकालाच देता येईल. दादा लगेच म्हणाला, तू घे, मी दुसरीकडे बघतो. यानं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची खोली एका गोऱ्या मुलाला दिलेली यानं पाहिली. पाटीही तशीच होती.

"मला त्या सकाळीच कळलं," तो म्हणाला. "तरी मी तिथं तीन आठवडे राहिलो. खोली चांगली होती. खिडकीत झाड होतं. बाई मला केक द्यायची. तुझा भाऊ तेव्हा कॉलेजच्या गोठ्याशेजारी, दाणागोटा ठेवायच्या खोलीत झोपत होता. तीन आठवड्यांनी मी सोडली. पण तीन आठवडे राहिलो."

तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मायही पाहत होती.

मी म्हणाले, "उन्हाळ्यात यायले एका जागी खोली भेटली नाई, म्हणते. दादा थोडे दिस दुसरीकडं राह्यला."

"काऊन नाई भेटली?"

"जागा नव्हती."

मायनं एक रोडगा विस्तवातून काढला, राख झटकली. "माणूस एवढा येळ बोलला. त्याच्या डोयात पानी हाय. अन् तू एवढुसंच सांगून राह्यली?"

पाहुण्याला आमची भाषा येत नव्हती, पण वाक्याची लांबी त्यालाही कळत होती. त्यानं मला विचारलं, "सगळं सांगितलंस?"

"नाही," मी म्हणाले.

"सांग," तो म्हणाला. "मी त्यासाठीच सांगितलं."

मग मी सगळं सांगितलं. केक, गोठा, तीन आठवडे, सगळं. सांगताना कोणाचा राग येतो आहे ते मला ठरवता येत नव्हतं. बाबा उठून बैलांकडे गेले. मायनं विस्तवातला एक रोडगा उलटला.

"गोरा नाई म्हणून?" तिनं विचारलं.

"हाव."

"अन् माह्या पोरानं काय केलं मंग?"

मी विचारलं. पाहुणा म्हणाला, "काही नाही. दुसऱ्या दिवशी उन्हाळी वर्गात माझी जागा धरून ठेवली होती, रोजच्यासारखी. मला विचारलं, खोलीत झोप लागली का."

मायनं ते ऐकलं, पदरानं नाक पुसलं आणि त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. "जेवा जी भाऊ," ती म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं." याचं भाषांतर करावं लागलं नाही.

जेवणं झाल्यावर ती वेचणारी बाई पुन्हा पाणी प्यायला आली. ती तिथंच, चार हातांवर बसली. मायनं तांब्या भरला, उभी राहिली आणि वरून धार धरली. त्या दिवशी काही वेगळं घडलं असं मी सांगणार नाही, कारण घडलं नाही. एवढंच, की पाहुणा दुसरीकडे पाहू लागला, आणि तो दुसरीकडे पाहतो आहे हे मायनं पाहिलं. पाणी ओतून झाल्यावरही ती रिकामा तांब्या घेऊन तशीच उभी होती. मी उठून काही करावं, असं मला वाटलं होतं. मी बसून राहिले. मला सतरावं वर्ष चालू होतं, पण ते कारण पुरेसं नाही. आमच्या शेतावर त्या बाईच्या हातात पेला यायला पुढं कितीतरी वर्षं गेली, आणि तेही माझ्या वहिनीच्या हातून झालं.

चौथ्या दिवशी बाबांनी त्याला शेगावला नेलं, देवळात दर्शन करवलं आणि मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. मायनं त्याच्या आईसाठी चोळीचा खण आणि शेंगदाण्याचे लाडू दिले होते. निघताना त्यानं मला विचारलं, "तू रागावलीस?" मी म्हणाले, "माहीत नाही." ते खरंच होतं, आणि इंग्रजीत ते सांगणं मराठीपेक्षा सोपं गेलं.

त्या आठवड्यात मायनं दादाला पत्र सांगितलं, मी लिहिलं. पाहुणा पोचला, जेवला, चांगला माणूस आहे. खोलीचं लिहू का, असं मी विचारलं. माय म्हणाली, "नको. त्यानं आपल्याले नाई सांगितलं, आपण त्याले काऊन सांगाव?"

दादा पुढच्या वर्षी परत आला. जाडजूड कोट, चष्मा, पुस्तकांच्या दोन पेट्या. घरात माणसांची गर्दी ओसरायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी तो विहिरीवर इंजिन पाहायला निघाला तेव्हा मी बरोबर गेले. वाटेत मला राहवलं नाही. मी त्याला गोठ्याजवळच्या खोलीचं विचारलं.

दादा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर थांबला. "तुले कोनं सांगितलं?"

"त्यानंच. मायच्या पुढ्यात. मीच सांगितलं मराठीत करून."

दादानं धुऱ्यावरचं एक ढेकूळ पायानं फोडलं. मग म्हणाला, "मले वाटत होतं, त्याले कळलंच नाई. त्याले कळू नये म्हणून मी किती जपलं. जागा दूर पडते, गोठ्याजवळ बरं पडते, असं काहीबाही सांगत राह्यलो." तो हसला, पण नीट हसू आलं नाही. "म्हणजे त्याले ठाऊक होतं."

"दुसऱ्याच दिवशी."

"अन् माय काय म्हणली?"

"जेवा म्हणली त्याले."

दादानं मान हलवली आणि आम्ही विहिरीकडे चालू लागलो. इंजिनाचा पट्टा घसरत होता, तो बसवण्यात आमची दुपार गेली. संध्याकाळी त्यानं माझ्याकडून शाई मागून घेतली आणि त्या मित्राला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. उत्तर आलं, मग पुढं पाच-सहा वर्षं पत्रं येत होती. पाकिटावरचं जर्मन तिकीट मी काढून घ्यायचे, पत्र दादा वाचायचा.